कोकोची पाकिटं आणि हिराबाईंचा हात

इरा आणि नील, तुमचं पार्सल पोहोचलं. मोजे माझ्या मापाचे आहेत, फोटोफ्रेमची काच शाबूत आहे आणि चॉकलेटची वडी प्रवासात जराशी वाकली असली तरी चवीला उत्तम आहे. वेष्टनावर एक लाल हृदय छापलंय आणि खाली बारीक अक्षरांत कोकोतल्या फ्लॅव्हनॉल्स नावाच्या द्रव्यांमुळे रक्तवाहिन्या निरोगी राहतात अशा अर्थाचं एक वाक्य आहे. इराने त्या वाक्याला पेनाने बाण काढून लिहिलंय, "आजी, हे खरंय का? तुला माहीत असणार."

मला माहीत असणार, हे बरोबर. पण उत्तर एका ओळीत बसत नाही. त्यातच आमच्या सोसायटीच्या दिवाळी अंकाच्या संपादिका दोनदा जिन्यात गाठून म्हणाल्या, "नोकरीतलं काहीतरी लिहाच, पण रुक्ष नको." तेव्हा दोन्ही कामं या एका लेखात करते. शब्द अडले तर बाबाला विचारा. त्याची मराठी अजून गंजलेली नाही.

माझी नोकरी काय होती हे तुम्ही शाळेत सांगताना नेहमी चुकवता. मी डॉक्टर नव्हते, नर्सही नव्हते. बेलापूरकडच्या एका खाजगी रुग्णालयात मी रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी करणारी तंत्रज्ञ होते. लोकांना सोनोग्राफी म्हटलं की पोट आणि पोटातलं बाळ एवढंच आठवतं. मी पाहायचे ते मान, पाय आणि दंड. कायद्याप्रमाणे आमच्याही खोलीबाहेर 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' असा ठळक फलक होता. दंड तपासायला आलेले सत्तरीचे आजोबा तो मन लावून वाचायचे आणि माझ्याकडे संशयाने बघायचे.

निवृत्त व्हायच्या आधीची काही वर्षं आमच्याकडे कोकोचा एक अभ्यास चालला होता. त्यासाठी जी चाचणी करायची, ती माझ्या सगळ्या नोकरीतली सर्वांत आवडती. ती आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

तुमच्या दंडात, आतल्या बाजूला, एक रक्तवाहिनी आहे. ज्यूसच्या खोक्याला चिकटवलेली बारीक स्ट्रॉ असते ना, साधारण तेवढी जाड. तिला आतून एक अतिशय तलम अस्तर असतं. पूर्वी सगळे समजत, अस्तर म्हणजे नुसतं अस्तर, कोटाच्या आत असतं तसं. पण ते जागं असतं. रक्त जोराने वाहायला लागलं की त्याला ते जाणवतं. मग ते नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू किंचितसा सोडतं, त्याने वाहिनीच्या भिंतीतले स्नायू सैल पडतात आणि वाहिनी रुंद होते. अस्तर थकलेलं असेल, वयाने, साखरेने, तंबाखूने किंवा रक्तदाबाने, तर वाहिनी ढिम्म राहते.

हे तपासायचं कसं? माणसाला उपाशीपोटी, थंड आणि मंद उजेडाच्या खोलीत निजवायचं. उजव्या हाताला कोपराखाली रक्तदाबाचा पट्टा बांधून पाच मिनिटं इतका घट्ट फुगवायचा की पुढे रक्त जाणारच नाही. मग पट्टा सोडायचा. अडलेलं रक्त एकदम धावतं आणि आपण दंडावर सोनोग्राफीचा प्रोब धरून वाहिनी रुंद होते का ते पडद्यावर बघायचं. रुंद होते म्हणजे किती? मिलिमीटरचाही एक लहानसा अंश. तेवढ्यासाठी तंत्रज्ञाचा हात इतका वेळ दगडासारखा स्थिर हवा. माझा असायचा. माझ्या पुऱ्या वाकड्या होतात यावरून तुमचे आजोबा मला जन्मभर चिडवत आले, पण त्या खोलीत माझ्याइतका स्थिर हात कुणाचा नव्हता, हे इथे छापून यायला माझी हरकत नाही.

आता कोको. कोकोच्या कच्च्या बीमध्ये फ्लॅव्हनॉल्स भरपूर असतात आणि तेच त्या अस्तराला वायू सोडायला मदत करतात, अशी कल्पना. पण बी ते चॉकलेट या प्रवासात ते बरेच नाहीसे होतात. बी आंबवतात, भाजतात आणि कित्येकदा कडवटपणा जाऊन रंग गडद यावा म्हणून क्षाराने धुतात. त्या धुण्यात फ्लॅव्हनॉल्सचा मोठा भाग जातो. म्हणून वडी काळी कुळकुळीत आहे एवढ्यावरून काही ठरत नाही, हे लक्षात ठेवा. आमच्या अभ्यासात म्हणूनच चॉकलेट नव्हतंच. कोकोच्या पुडीची पाकिटं होती, पाण्यात कालवून रोज सकाळी एक प्यायचं. निम्म्या लोकांच्या पाकिटांत फ्लॅव्हनॉल्स राखलेला कोको, निम्म्यांच्यात ते काढलेला. रंग सारखा, चव सारखी. कुणाला कुठलं मिळालंय ते घेणाऱ्याला माहीत नव्हतं, मला नव्हतं, आणि आमच्या प्रमुख डॉ. कामत मॅडमनाही नव्हतं.

हे न सांगणं लोकांना भारी जड जायचं. करंजाड्याहून साठे म्हणून एक निवृत्त अधिकारी यायचे. ते पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "मॅडम, मला खोटं मिळालंय. मला आतून काहीच वाटत नाही."

"वाहिनी रुंद झालेली आतून कळत नाही, साठेसाहेब."

"तरी पण. म्हणून मी रात्री एक दुधाचं चॉकलेट खातोय. तुमच्या अभ्यासाला थोडी मदत."

मी हात जोडले. कामत मॅडमनी त्यांना अर्धा तास समजावलं. पुढच्या वेळी ते चॉकलेट सोडून आले, पण तोंडावर त्यागी पुरुषाचा भाव घेऊन.

आणि मग हिराबाई. घणसोलीजवळच्या तळवली गावच्या, मूळच्या तिथल्याच. सासऱ्यांची भातशेती होती, ती गेली आणि तिथे आता त्यांची तीन मजली इमारत आहे, वरच्या खोल्या भाड्याने दिलेल्या. साठीच्या पुढच्या, ठसठशीत कुंकू, मनगटभर हिरव्या बांगड्या, आणि आवाज असा की त्या लिफ्टमध्ये असताना मला खोलीत कळायचं. पहिल्या दिवशी सुनेकडून बाहेरचा फलक वाचून घेऊनच त्या आत आल्या.

"मॅडम, हातान पोरगा हाय का पोरगी, ता सांगू नका हां. पोलिस येतील."

माझ्या हातातला प्रोब हसण्याने हलला. तसं फार क्वचित व्हायचं.

नियम ऐकल्यावर त्यांचं सगळ्यात मोठं दुःख चहाचं निघालं. "सकालची चाय नाय? मंग मी मानसात कवा येनार?" मशेरीचं विचारलं तर म्हणाल्या, सोडून दोन वर्षं झाली. रक्तदाबाची गोळी रोज एक, ती चालूच ठेवायची होती. आमच्या अभ्यासात अशी माणसं चालत, गोळी बदलायची नाही एवढीच अट.

मी विचारलं, "तुम्हाला या अभ्यासात यावंसं का वाटलं?" हा प्रश्न मी सगळ्यांना विचारायचे. बहुतेक जण नातेवाइकांनी सांगितलं, मोफत तपासणी होते, असं काही म्हणत. हिराबाईंनी उजवा हात पुढे केला.

"माज्या मोठ्या बहिनीच्या अंगावरना वारा गेला. उजवा हात गेला तिचा. अशी भाकरी करायची ना मॅडम, तांदलाची, कागदासारखी. आता बसून बगते, सून करते ती जाड भाकरी. बोलत नाय, पन मना कलते. तिला पन माज्यासारखाच बीपी." हात त्यांनी मांडीवर ठेवला. "मना माजा हात पायजे."

मग मी पट्टा बांधला आणि फुगवला. मिनिटभराने बोटं पांढरी पडतात, मुंग्या येतात, मग हात आपला वाटेनासा होतो. मी सगळ्यांना आधी कल्पना द्यायचे, त्यांनाही दिली होती. तरी बोलायला मनाई असताना त्या कुजबुजल्या, "अशीच सुन्न होते का गो बाय, वारा जाताना?"

मी नुसतं "आता थोडंच राहिलंय" म्हटलं. पट्टा सोडला, रक्त सळसळत आलं, तळहात लालबुंद झाला. त्यांनी मूठ उघडझाक केली आणि छताकडे बघून म्हणाल्या, "आला. परत आला हात."

मी पडद्याकडे बघत होते. वाहिनी फारशी रुंद झाली नव्हती. ते त्यांना सांगायची मला परवानगी नव्हती.

काही आठवड्यांनी त्या पुन्हा आल्या तेव्हा रक्तदाब आधीपेक्षा वाढलेला. वाहिनी तशीच ढिम्म. आम्ही पुन्हा मोजला, दुसऱ्या यंत्राने मोजला. वाढलेलाच.

कामत मॅडम माझ्याकडे वळल्या. "कोको घेतायत?"

"सगळी पाकिटं रिकामी परत आणलीत."

"गोळ्या?"

"त्याही पट्ट्या रिकाम्या."

"मग?"

हिराबाईंना विचारलं तर त्या जरा दुखावल्याच. "घेते तर! रोज घेते. देवाच्या पाया पडल्याबरोबर घेते."

त्या खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. मीठ कमी, तंबाखू नाही, झोप बरी. मला चैन पडेना. यंत्र बिघडलं असतं तर शोधता आलं असतं. इथे सगळी उत्तरं बरोबर होती आणि माणूस आजारी होत होतं. कामत मॅडमनी त्यांना ठरल्यापेक्षा लवकर परत बोलावलं आणि तोवर त्रास झाला तर ताबडतोब यायला सांगितलं.

जाता जाता हिराबाईंनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं आमंत्रण दिलं. तपासणीला येणाऱ्यांच्या घरी आम्ही सहसा जात नसू. मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "जाऊन या. तिळगूळ घ्या आणि डोळे उघडे ठेवा."

तळवलीतलं ते घर मी कधी विसरणार नाही. रस्त्यावरून ट्रक धडधडतायत आणि आत गेलं की अंगणात तुळस, पायरीवर चपलांचा ढीग. जावा, सुना, भाडेकरू बायका, लेकरं. हिराबाईंनी मला हाताला धरून मधल्या खुर्चीवर बसवलं. "ह्या माज्या हाताच्या मॅडम," अशी ओळख करून दिली. हळदीकुंकू झालं, तिळगूळ झाला, वाण म्हणून चहाची गाळणी मिळाली. ती अजून वापरते मी. आणि मग सुनेने स्टीलच्या छोट्या पेल्यांचं ताट आणलं. मला वाटलं मसाला दूध. एक पेला उचलून तोंडाला लावला.

कोको होता. आमचा.

ती चव मला झोपेतही ओळखता आली असती. मी पेला खाली ठेवून विचारलं, "हिराबाई, हे कुठून आणलं?"

"तुमचाच हाय गो! रोज सकाली दुदान टाकतो. आज तुमी आलाव म्हनून आतापन केला. दोन पाकिटां टाकली."

"रोज सगळे पितात?"

"मंग? येकटी कशी पिऊ? पोरां तोंडाकडं बगतात. आमचे घरान कोन येकटा काय खात नाय." सून हसून म्हणाली, "आत्यांच्या वाट्याला दोन घोट येतात, ते पन उरले तर."

मला हसू आलं आणि मग एकदम आलं नाही. पाकीट रिकामं आहे म्हणजे ते त्यांनीच प्यायलं, असं आम्ही सगळे शिकलेले लोक धरून चाललो होतो. आणि पट्ट्याही रिकाम्याच होत्या.

मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "आणि गोळी?"

हिराबाईंनी शेजारी बसलेल्या बारीकशा बाईच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांची धाकटी जाऊ, यमुनाबाई. "हिला चक्कर येते सारखी. उटली का डोल्यापुढं अंदार. मंग अर्दी हिला, अर्दी मना. माजी अर्दी कमी झाली, ती तुमचा कोको भरून काडतो ना?"

यमुनाबाई कौतुकाने म्हणाल्या, "जाऊबाय माजी फार कालजी घेते."

तिथे भाषण देऊन उपयोग नव्हता. बायका मजेत होत्या, घर भरलेलं होतं, आणि जी गोष्ट मी चूक म्हणणार होते ती त्या घरातली सर्वांत चांगली गोष्ट होती. मी इकडे तिकडे पाहिलं. कोपऱ्यात कासार बसला होता, बायका आळीपाळीने हात पुढे करत होत्या. मी हिराबाईंना म्हटलं, "तुमची एक बांगडी काढून यमुनाबाईंना घाला."

"हिला? गलून परंल. हिचा हात बग ना, काडीसारखा."

"आणि यमुनाबाईंची तुम्हाला?"

"फुटंल! हातान चरनारच नाय." सगळ्या हसल्या.

"मग अर्धी अर्धी करून दोघींनी घालायची?"

हसणं थांबलं. हिराबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग जावेकडे. "गोली पन मापाची असते, असा बोलताव तुमी?"

"मापाचीच असते. तुमचं माप डॉक्टरांनी घेतलंय. यमुनाबाईंचं कुणी घेतलेलंच नाही. उद्या दोघी या. आणि कोको काही भरून काढत नाही, हिराबाई. काढतो की नाही तेच आम्ही अजून शोधतोय."

"आनि तवर माजा हात?"

"तोवर हाताची राखण गोळी करते. पुरी गोळी."

त्यांनी उजव्या हाताची मूठ दोनदा उघडझाक केली, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी दोघी आल्या. यमुनाबाईंचा रक्तदाब मोजला तर तो जास्त नव्हताच, उलट कमी होता. अंगात रक्त कमी होतं, चक्कर त्याची होती. वर ही अर्धी गोळी त्यांचा दाब आणखी खाली ओढत होती. म्हणजे एका गोळीचे दोन तुकडे झाले होते आणि एकही तुकडा कामाचा नव्हता. एकीला पुरत नव्हता आणि दुसरीला सोसत नव्हता. कामत मॅडमनी यमुनाबाईंना त्यांचे स्वतःचे उपचार सुरू केले. हिराबाई पुरी गोळी घ्यायला लागल्या आणि पुढच्या तपासण्यांना त्यांचा दाब हळूहळू उतरला. मला तेव्हा किती हायसं वाटलं हे आमच्या कुठल्याच अहवालात लिहिलेलं नाही.

राहिला अभ्यासाचा प्रश्न. मी नीटनेटकी बाई, मला वाटलं हिराबाईंचं नाव आता काढून टाकावं लागणार. मी तसं म्हटलंही, "मॅडम, ही मोजमापं खराब झाली. तो कोको त्यांनी प्यायलाच नाही."

मॅडम म्हणाल्या, "नाही काढायचं. जसं झालं तसं सगळं लिहून कळवायचं आणि ज्या गटात त्यांना टाकलं त्याच गटात त्यांना मोजायचं. उद्या कुणी हा कोको बाजारात विकला तर लोक काय करतील? काही विसरतील, काही वाटून पितील. औषध खऱ्या घरात गेल्यावर काय होतं, हेही कळायला हवं ना?"

हा नियम मला माहीत होता, परीक्षेत मी त्यावर उत्तरही लिहिलं होतं. पण तो का आहे, हे मला तळवलीत तो पेला तोंडाला लावल्यावर समजलं.

शेवटी कुणाला काय मिळालं होतं ते सगळं उघडलं तेव्हा कळलं, हिराबाईंच्या पाकिटांत साधा कोको होता. फ्लॅव्हनॉल्स काढलेला. मी फोन केला.

"म्हंजे आमी सगल्यांनी फुकट पिला?" मग मागे वळून ओरडल्या, "अगो, ता खोटा होता! आनि हा बग, हा बोलत होता माजे गुडगे बरे झाले!" मागून नवऱ्याचा निषेधाचा आवाज आला. साठेसाहेबांना खरा कोको मिळाला होता. ते कळल्यावर ते म्हणाले, "मला आतून वाटतच होतं."

तर इरा, तुझ्या बाणाचं उत्तर. फ्लॅव्हनॉल्स राखलेला कोको प्यायल्यावर काही तास ते अस्तर जास्त चपळ होतं, हे खरं आहे. पडद्यावर मी ते स्वतः पाहिलंय, आणि प्रत्येक वेळी मला गंमत वाटायची. रक्तदाबही काही जणांचा थोडासा उतरतो. पण त्यामुळे पुढे झटके टळतात का, हात शाबूत राहतात का, हे ठामपणे सांगायला माझ्यासारखी बाई धजणार नाही. आणि तुमच्या या वडीत नेमके किती फ्लॅव्हनॉल्स उरलेत, ते वेष्टनावर लिहिलेलं नाही. साखर मात्र लिहिलीय. तेव्हा चॉकलेट चॉकलेट म्हणून खा. औषध म्हणून नको.

मी दोन तुकडे खाल्ले. उरलेली वडी पिशवीत घालून गेल्या रविवारी तळवलीला गेले. निवृत्त झाल्यापासून आम्ही दोघी आता नुसत्या मैत्रिणी आहोत. हिराबाई चुलीपुढे बसल्या होत्या, परातीत तांदळाची भाकरी थापत. कागदासारखी. त्यांची बहीण शेजारी भिंतीला टेकून बसली होती आणि प्रत्येक भाकरीकडे बारकाईने बघत होती.

"नातवंडांनी पाठवलंय," मी म्हटलं.

हिराबाईंनी पिठाचे हात पुसले, वडी घेतली, उजव्या हाताने कडाकड मोडली आणि सगळ्यांना वाटली. बहिणीला, यमुनाबाईंना, सुनेला, पोरांना, वरच्या भाडेकरणीला हाक मारून तिलाही. स्वतःसाठी उरला तो वेष्टनाला चिकटलेला चुरा. तो त्यांनी बोटाने चाटून संपवला.

मग फडताळातून गोळ्यांची पट्टी काढली, एक गोळी बाहेर काढली, तळहातावर ठेवून मला दाखवली.

"ही येकटी खाते हां मॅडम," त्या म्हणाल्या. "कोनीपन बगूदे तोंडाकडं."